तंबोऱ्यावर कोण बसणार?

आमच्या ताईचं लग्न ठरलं तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला तो मुलगा काय करतो, माणसं कशी आहेत, असला नव्हता. पाहुणे बोळाच्या टोकाला पोचले नसतील तोवर अण्णांनी आईला विचारलं, "मग आता तंबोऱ्यावर कोण बसणार?" आईनं फक्त माझ्याकडे बघितलं. मी नववीत होते, दारात बसून शेंगा फोडत होते. लग्न एकीचं ठरलं आणि अडकली दुसरी, एवढं कळण्याइतकं माझं वय नक्की झालेलं होतं. त्या शेंगा मी तशाच सुपात टाकल्या आणि परड्यात नळाखाली उगीचच हात धूत बसले.

अण्णा म्हणजे माझे वडील. शाळेत संगीताचे मास्तर आणि घरी सकाळी सहा ते नऊ, संध्याकाळी पाच ते आठ गाण्याचा क्लास. रविवारी तर दिवसभर, कारण त्या दिवशी बाहेरगावचे शिष्य यायचे. मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांपैकी पुढची क्लासची, मागची आमची. बोळापलीकडे तालीम होती. तिथले पैलवान पहाटे शड्डू ठोकायचे आणि तो आवाज लयीत बसत नाही म्हणून अण्णा चिडायचे, पण पैलवानांना सांगायला जाणार कोण? अण्णांच्या गळ्यासाठी आई दोन आमट्या करायची, त्यांची पिवळी आणि आमची तांबडी. कोल्हापुरात राहून बिनतिखटाची आमटी खाणारा पुरुष म्हणून आख्ख्या पेठेत त्यांचं नाव होतं. सणाला कटाची आमटी असली तरी त्यांची वाटी वेगळी निघायची.

तो तंबोरा अण्णांना त्यांच्या गुरुजींनी दिलेला होता आणि देताना सांगितलं होतं की घराबाहेरचा हात ह्याला लावू नकोस. गुरुजी गेले, पण त्यांचा शब्द आमच्या घरात राहिला. शिष्य वीस होते, प्रत्येकाला दोन हात होते, पण तंबोरा घरातल्यांनीच धरायचा. आधी आई धरायची. तिच्या बोटांची पेरं आखडली, तार छेडताना तिला डोळ्यांत पाणी यायला लागलं, तेव्हा ताई बसली. ताईनंतर मी. तंबोऱ्यावर बसणाऱ्यानं बोलायचं नाही, खोकायचं नाही, मांडी बदलायची ती दोन शिष्यांच्या मधल्या वेळात. मधल्या बोटानं पंचम, मग पहिल्या बोटानं जोडीच्या दोन तारा, मग खर्ज. पुन्हा पंचम. दिवसाचे सहा तास हेच. चंदगडला सासरी गेलेल्या ताईचं पहिलं पत्र आलं, त्यात लिहिलं होतं, इथं पाऊस सारखा असतो, दुसरा कसला आवाज नाही, पण झोपेत माझी दोन बोटं चादरीवर चालतात म्हणून हे हसतात. मी ते पत्र तीनदा वाचलं आणि तिचा मला फार राग आला. ती सुटली होती, आणि सुटल्यावर तक्रारसुद्धा करत होती.

आईचंही एक अडकलेलं होतं. मला लहानपणी गोवर निघाला तेव्हा तिनं जोतिबाला नवस बोलला होता, पोर उठू दे, चालत डोंगरावर येते. जोतिबाचा वार रविवार आणि आमच्याकडे क्लासचा भर रविवारी. शिष्यांचा चहा, जेवणं, आधी तंबोरा, मग तंबोऱ्यावर बसलेल्या पोरीच्या वाटणीची कामं. मी उठले, चालले, मोठी होऊन तिच्या जागेवर बसले, तरी नवस फिटला नव्हता. जोतिबाच्या डोंगरावर जाणारी वाडीरत्नागिरीची एसटी दिसली की ती बोळाच्या तोंडाशी थांबून हात जोडायची.

घराबाहेर पडायचं माझं एकच निमित्त होतं, दिनूमामाचा डबा. हा आईचा धाकटा भाऊ. मामी कागलच्या घरी आणि मामाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान महाद्वार रोडच्या एका बोळात, म्हणून त्याचं दुपारचं जेवण आमच्याकडून जायचं. मॅट्रिकची परीक्षा झाली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मी डबा घेऊन जायची ती चार वाजेपर्यंत यायची नाही. राळेचा वास, उघडे पडलेले रेडिओ, व्हॉल्व्हचा तांबूस उजेड, आणि मुख्य म्हणजे तिथं कितीही खोकलं तरी चालायचं. मामा जेवता जेवता मला तारा जोडायला कथलाचा डाग द्यायला शिकवायचा. "घाई करू नगंस," म्हणायचा, "तार तापू दे, मग कथील आपुआप पळतंय."

एके दुपारी दोन रेडिओ शेजारी शेजारी चालू होते. मामा एकाचा काटा फिरवत होता आणि दुसऱ्यातून शीळ निघायला लागली, वर चढत, खाली येत. मी बोट दाखवायला हात पुढे केला आणि शीळ चढली. हात मागे घेतला, उतरली. मी कशालाही शिवले नव्हते. मग मी हळूहळू हात नेत सा लावला, रे लावला, गंधार जरा हुकला, परत लावला. दोन वर्षं मी दुसऱ्याच्या गाण्यासाठी सूर धरून बसले होते, आणि आज सूर माझ्या हाताबरोबर फिरत होता. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यांदा हसले. मामाच्या हातातला घास तसाच राहिला.

"त्यात काय नवल न्हाय," तो म्हणाला, पण त्यालाही मजा वाटली होती. "लई जुनं हाय हे. रशियात एका शास्त्रज्ञानं ह्याचंच वाद्य केलतं, तुझा आजा तरणा असंल तवाची गोष्ट." त्यानं रद्दीतून घेतलेलं एक इंग्रजी मासिक शोधून काढलं. त्यात एका बाईचा फोटो होता. समोर लाकडी पेटी, पेटीतून एक उभी काठी आणि एक वाकडी तार निघालेली, आणि बाईचे दोन्ही हात हवेत. मामानं मला समजावलं, आत दोन सूर असतात, पण इतके उंच की माणसाच्या कानाला लागतच नाहीत. त्या दोघांत जेवढा फरक, तेवढाच आपल्याला ऐकू येतो. माणूस जवळ आला की त्याच्या नुसत्या अंगानं एक सूर किंचित हलतो, म्हणून फरक बदलतो. "वाजीवणाऱ्यानं मातुर हलायचं न्हाय. श्वास बी जपून घ्यायचा, न्हायतर सूर पळतोय."

"म्हणजे माझ्यासारखंच की," मी म्हटलं, आणि आम्ही दोघं हसलो. आज वाटतं, त्या हसण्यातच मला पुढचं सगळं दिसायला हवं होतं. पण सतरा वर्षांच्या पोरीला एवढं कुठलं सुचायला? मला वेगळंच सुचलं होतं. सगळ्या जगाला त्या वाद्याचं कौतुक, त्यातला सूर हलतो म्हणून. मी मामाला विचारलं, हा सूर एका जागी गप्प बसवता येईल का? कारण एका जागी बसलेला सूर म्हणजेच तंबोरा. आणि पेटी तंबोऱ्यावर बसली तर मी उठू शकत होते.

उठून कुठं जायचं तेही ठरलेलं होतं. तंत्रनिकेतनात रेडिओचा डिप्लोमा निघाला होता. मॅट्रिकचा निकाल लागला, मार्क चांगले पडले, मामानं अर्ज आणून दिला. अण्णांनी तो वाचला. मुलीच्या जातीनं असलं काय शिकायचं, वगैरे ते काही बोलले नाहीत. तसं बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. ते एवढंच म्हणाले, "शीक की. पण तंबोऱ्यावर कोण बसणार?"

मी अर्ज भरून पाठवला आणि मग पेटी सुरू झाली. दोन मेलेल्या रेडिओंमधली तारेची वेटोळी, त्यांचेच व्हॉल्व्ह, सूर फिरवायच्या बटणासाठी रेडिओचं स्टेशन लावायचा जुना गँग कंडेन्सर आणि चहाच्या खोक्याच्या फळ्यांची पेटी. सुरुवातीला सूर खाली आणायला गेलं की गुरगुर व्हायची आणि सगळंच बंद पडायचं. मामा म्हणायचा, "दोघं लई जवळ आली की गप व्हत्यात. नवराबायकूगत." अर्धा तास पेटी तापू दिल्याशिवाय सूर ठरायचा नाही, हेही पाचसहा दिवस डोकं फोडल्यावर कळलं. शेवटी एकदा अण्णांच्या पट्टीतला सा लागला. गोल, मऊ, बासरीच्या जवळचा. मी पेटी घरी आणली, पुढच्या खोलीत माझ्या बैठकीशेजारी ठेवली, तंबोऱ्याच्या जोडीशी मिळवली आणि शेजारी बसून तासन् तास ऐकली. सूर जागचा हलत नव्हता.

अण्णांनीही ऐकली. खूप वेळ मान खाली घालून ऐकली. मी त्यांना कडक म्हणते, पण कानाच्या बाबतीत ते खोटं बोलणारे नव्हते. "सूर खरा आहे," म्हणाले. "जवारी नाही, झंकार नाही, पण खरा आहे. गुरुपौर्णिमेला ठेव ही. माझं गाणं संपेपर्यंत हलली नाही, तर तू मोकळी." चार दिवसांनी तंत्रनिकेतनाचं पत्र आलं. मुलाखत गुरुपौर्णिमेलाच, सकाळी साडेअकरा वाजता. मला तो शुभशकुन वाटला, काय सांगू! नऊला बैठक सुरू होईल, साडेदहाला मी उठेन, पेटी वाजत राहील. मामा कागलला गेला होता, नाहीतर त्यानं एखादं शहाणपणाचं वाक्य टाकलं असतं.

गुरुपौर्णिमेला घरात पुरणाचा वास, पुढच्या खोलीत गुरुजींच्या तसबिरीला हार आणि दाटीवाटीनं बसलेले वीस शिष्य. पेटी मी आठ वाजल्यापासून तापत ठेवली होती. शेजारी बसून सूर मिळवला आणि तशीच बसून राहिले, हात मांडीवर ठेवून, नवी साडी नेसून, कमरेला पत्र खोचून. अण्णा गायला बसले. डोळे मिटलेले. त्या दिवशी ते फार सुंदर गायले, हे मला कबूल केलं पाहिजे. तासाभरानं एक थोरला शिष्य पेटीकडे बघून मान डोलवायला लागला. साडेदहा झाले. अण्णा वरच्या षड्जावर थांबले होते, आणि मी हळूच उठले.

सूर घसरला. आधी थोडा, मग उतारावर सोडलेल्या सायकलीसारखा, मग गुरगुरला आणि मेला. पलीकडच्या तालमीतलं कुणाचंतरी हसणं तेवढं ऐकू आलं. अण्णांनी डोळे न उघडता म्हटलं, "विजू, बस." मी बसले. पेटी गुरगुरली, चढत चढत आली आणि बरोबर सा वर येऊन थांबली. मी पुन्हा उठले, सूर पुन्हा मेला. बसले, जिवंत झाला.

तेव्हा त्या थोरल्या शिष्यानं मांडीवर थाप मारली. "पेटी न्हाय ओ मास्तर, पोरगीच वाजतीया!"

सगळे हसले. अण्णाही हसले. कसे? तर अगदी मनापासून, खूश होऊन. "बघ," ते मला म्हणाले, "सूर तुला सोडायला तयार नाही."

दुसऱ्या कुणीही केली नसती अशी ती चूक होती. पेटी मिळवताना, तपासताना, तासन् तास ऐकताना मी प्रत्येक वेळी तिच्या शेजारी बसलेली होते. दुसरा कुणी असता तर पेटी लावून कामाला गेला असता, खोलीत फिरला असता. आमच्या घरात तंबोऱ्यापाशी बाई बसलेली असते हे भिंत असण्याइतकं ठरलेलं होतं, म्हणून ती जागा रिकामी करून बघावी हे माझ्यासुद्धा मनात आलं नाही. उठण्यासाठी जे यंत्र केलं त्यात मी स्वतःलाच जोडून ठेवलं होतं. तंबोऱ्यावर निदान बोटं तरी हलायची. आता नुसतं बसायचं होतं, श्वास जपून घेत. घड्याळात पावणेअकरा वाजले होते, अण्णांनी पुढचा राग सुरू केला होता, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते पुसायला हात उचलला तर सूर थरथरला, म्हणून मी पुसलंही नाही.

मागच्या खोलीतून आई आली. हाताला पुरण लागलेलं, पदर खोचलेला. सूर मेलेला तिनं आतून ऐकला होता. वीस पुरुषांच्या मधून वाट काढत ती माझ्यापाशी आली आणि कमरेनं मला ढकलून म्हणाली, "सरक." मी सरकले, ती बसली. आई माझ्याहून अंगानं भरलेली, त्यामुळे सूर आता जरा चढाच लागला. तिनं मान तिरकी केली, ऐकलं, आणि बोटभर मागं सरली. अजून जराशी. सा जागेवर आला. तिची बोटं आखडली होती, कान नाही.

अण्णा गायचे थांबले. डोळे उघडले. "तू? तुझी बोटं..."

"बसायला बोटं कशाला लागत्यात?" आई म्हणाली. "मी बसतो हितं. तुम्ही म्हणा." मग माझ्याकडे न बघता, "जा गं. बस चुकंल."

इतक्या शिष्यांसमोर अण्णा काय बोलणार? मी गेले. मुलाखत झाली, प्रवेश मिळाला. मला विचारलं की तुला हा कोर्स का हवा, तेव्हा मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. आठवतो तो बसमधला पुरणाचा वास. माझ्या नव्या साडीला आईच्या हाताचं पुरण लागलं होतं.

कॉलेज सुरू झालं आणि आई सकाळ-संध्याकाळ पेटीशेजारी बसायला लागली. पहाटे चारला उठून स्वयंपाक उरकायची आणि सहाला हात पुसत येऊन बसायची. एवढ्या वर्षांनी परत त्याच जागेवर. मी सुटले ती तिला तिथं बसवून, हे मला रोज सकाळी वह्या गोळा करताना दिसायचं, आणि दिसत असूनही मी जायची. ताईचा राग कधीचाच गेला होता. आता मला माझा राग यायचा.

महिन्याभरानं वर्कशॉपमध्ये सरांनी सहज सांगितलं, की असल्या यंत्राला पत्र्याच्या डब्यात ठेवावं आणि डब्याला अर्थिंग द्यावं, म्हणजे बाहेरच्या माणसाचा परिणाम होत नाही. एवढंच! कुणालाही माहीत असलेली गोष्ट. मी त्या शनिवारी मामाकडून बिस्किटांचा मोठा डबा आणला, पेटीचं पोट त्यात बसवलं आणि डब्याला तार जोडून ती मागच्या खोलीतून परड्यातल्या नळाच्या पाइपाला बांधली. या वेळी सूर मिळवला आणि उठून बोळाच्या टोकापर्यंत चालत गेले. परत आले, तो तिथंच होता.

रविवारी पहिली तुकडी गेली आणि दुसरी यायला वेळ होता, तेव्हा अण्णा एकटेच रियाजाला बसले. डोळे मिटले. शेजारी आई. मी दारातून तिला खूण केली, ऊठ. तिनं मान हलवली, नको. मी पुन्हा खूण केली. ती एका गुडघ्यावर हात ठेवून, अवघडत, एकेक इंच उठली. पूर्ण उभी राहिली. सूर हलला नाही. ती पेटीकडे बघत राहिली, मग एक पाऊल मागे गेली, मग दोन. मागच्या खोलीत आल्यावर तिनं मला विचारलं, "म्हंजे आता तिथं कुणीच नसलं तरी चालतंय?"

"चालतं."

तिनं खुंटीवरची पिशवी घेतली, देव्हाऱ्यातला नारळ त्यात टाकला. "जोतिबाला जाऊन येतो," म्हणाली आणि चपला घालून मागच्या दारानं निघून गेली. चालत. एसटीकडे तिनं बघितलंसुद्धा नसणार.

तासाभरानं अण्णांनी डोळे उघडले. "ही कुठं गेली?"

"जोतिबाला."

"कधी?"

"तुम्ही सुरू केलंत तेव्हाच."

ते पेटीकडे बघत बसले. सा चालूच होता. मग म्हणाले, "विजू, तू बस ना जरा. करू नकोस काही. नुसती बस." आयुष्यभर मी त्यांच्या तोंडून 'बस' ऐकलं होतं, 'बस ना' त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मला त्यांची कीव आली, खरंच आली. "मला अभ्यास आहे," मी म्हटलं आणि मागे गेले. त्यांना सरळ नाही म्हटलं ते तेव्हाच पहिल्यांदा. आता माझ्या नातीच्या फोनमध्ये तंबोरा आहे, कुणाला बसावं लागत नाही, ती तो लावून आंघोळीला जाते. तरी तो ऐकला की मला अण्णांचा तो 'ना' ऐकू येतो. मी बसायला हवं होतं का? नाही. आजही मी बसले नसते. पण तो ऐकू येतो.

संध्याकाळी शिष्य निघून गेले आणि आई आली. कपाळ, केस, चोळीची बाही, सगळं गुलालानं माखलेलं. पायांना डोंगराची माती. अण्णांच्या हातावर तिनं खोबरं ठेवलं. ते म्हणाले, "मला सांगून जायचं होतंस." ती म्हणाली, "तुम्ही गात व्हता की." मग ती पुढच्या खोलीत गेली. पेटीशेजारच्या जागेकडे बघितलं, पण तिथं बसली नाही. अण्णांच्या समोर, जिथं शिष्य बसायचे तिथं, भिंतीला टेकून बसली आणि तिनं दोन्ही पाय पसरले. त्या खोलीत मी कुणालाही पाय पसरून बसलेलं कधी बघितलं नव्हतं.

"म्हणा आता," ती म्हणाली. "ऐकतोय की."

अण्णांनी घसा साफ केला. पुन्हा केला. डब्यातला सा चालू होता, आई वाट बघत होती, आणि वीस शिष्यांना शिकवणाऱ्या त्या माणसाला सुरुवात सापडत नव्हती.